ट्रकाची साखळी

मंगळसूत्र सोडलं तर माझ्या गळ्यात जे काही पिवळं दिसतं ते पॉलिशचं असतं. हे मी कुणी न विचारता सांगून टाकते. लोकांना विचारायचा संकोच वाटतो आणि मग ते बोलता बोलता नुसते गळ्याकडे बघत राहतात. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधांच्या कारखान्यात मी गोळ्यांच्या पाकिटांची तपासणी करते. आत शिरण्याआधी अंगावरचा प्रत्येक दागिना उतरवून कपाटात ठेवावा लागतो आणि सुटी झाली की पुन्हा चढवायचा. या रोजच्या काढघालीत खरं सोनं वापरणं म्हणजे डोक्याला ताप. म्हणून लग्नात माहेरहून मिळालेली साखळी बँकेत ठेवली आणि बाजारातून एक ग्रॅमची घेतली. एक ग्रॅमची म्हणजे वरून सोन्याचा हात फिरवलेला, आत तांबं नाहीतर पितळ. नाव तेवढं भारदस्त.

अशी साखळी निवडायची म्हणजे थोडा वेळ काढावा लागतो. दुकानात काचेवर पसाभर साखळ्या ओततात आणि वरच्या दिव्यात सगळ्याच सोन्याच्या दिसतात. मी एकेक घेऊन दुकानाच्या पायरीवर उन्हात जाते. फार पिवळी दिसली की परत. वापरातल्या खऱ्या सोन्याला जरा तांबूस, जरा दमलेला रंग असतो. नव्याकोऱ्या पॉलिशला तो नसतो. मग कडी बघायची. साखळी तुटते ती कडीपाशी आणि काळी पडते तीही आधी कडीपाशीच, कारण मानेवरचा घाम तिथे मुरतो. दुकानदार म्हणतो, 'ताई, गॅरंटी आहे.' कशाची ते तो सांगत नाही आणि मीही खोलात शिरत नाही.

घेतल्यावर तिची सरबराई. पाणी लागू द्यायचं नाही. आंघोळीआधी काढायची, पावडर-सेंट सगळं आटपल्यावर घालायची. रात्री सुक्या मऊ फडक्याने पुसायची, तीही ओढून नाही, टिपून. ओढलं की मुलामा कपड्याबरोबर जातो. डबीत खडूचा तुकडा ठेवायचा, तो ओल ओढून घेतो. आमच्याकडे पावसाळ्यात चपलांवरसुद्धा बुरशी धरते, तिथे साखळीची काय कथा. एवढं करूनही एक दिवस मानेवर हिरवट रेघ उमटते. मग ती साखळी बाद आणि नवी आणायची. मला याचं वाईट वाटत नाही. कारखान्यात दिवसभर मी हेच करते: खोट दिसली की पाकीट लाल पेटीत.

मी मूळची पेडण्याची. लग्न होऊन सुर्ल्याला आले. सुर्ला हे खाणीचं गाव. मी आले तेव्हा खाणी बंद पडलेल्या होत्या, पण बोलण्यात अजून चालू होत्या. कुठलीही गोष्ट 'खाण आसतना' पासून सुरू व्हायची. झाडांच्या पानांवरची लाल धूळ मात्र पावसाने धुऊन गेली होती, आणि ते गावातल्या काही लोकांना फारसं आवडलेलं नव्हतं.

सासऱ्यांना घरात सगळे बाबा म्हणतात. त्यांचा एक ट्रक होता. खाणीवरून माल भरायचा आणि नदीवरच्या धक्क्यावर नेऊन बार्जसाठी ओतायचा, पुन्हा माघारी, असं त्यांचं उभं आयुष्य गेलं. ट्रकाच्या पहिल्या कमाईतून त्यांनी सासूबाईंना सोन्याची साखळी घडवली. पिळाची, दोरीसारखी, चांगली जाड. खाणी बंद झाल्या तसा ट्रक फणसाखाली उभा राहिला. टायर बसले, मागच्या हौद्यात गवत उगवलं, शेवटी भंगारवाल्याने तुकडे करून नेला. त्या दिवशी बाबा घरात थांबले नाहीत, असं माझा नवरा सांगतो. पुढे त्यांच्या सगळ्या धंद्यातून उरली ती ही साखळी. तिला ते साखळी म्हणतच नसत, 'ट्रकाची' म्हणत. 'ट्रकाची घातल्या मगो?' असं लग्नाला निघताना बायकोला विचारत.

सासूला आमच्याकडे मांय म्हणतात. मांय कमी बोलणारी बाई. सकाळी पोदेराचा भोंपू वाजला की पाव घ्यायला ती पायरीवर जायची, तिथे शेजारणींशी जे काय चार शब्द व्हायचे तेवढे. बाकी दिवस कामात. माझ्या पॉलिशच्या साखळीबद्दल ती कधी वावगं बोलली नाही. उलट एकदा माझी डबी हातात घेऊन तिने विचारलं, "हो खडू कित्याक घालता गो आंत?"

मी म्हटलं, "ओल ओढता, मांय. नाजाल्यार काळी पडटा."

तिने मान हलवली आणि डबी जागेवर ठेवली. थोड्या दिवसांनी तिच्या कुंकवाच्या पेटीत मला खडूचा तुकडा दिसला. आता कुंकवाला खडू कशाला?

मग मी बघायला लागले. तपासणी करणाऱ्या माणसाची नजर घरी आल्यावरही सुटीवर जात नाही. खऱ्या सोन्याची साखळी घालणारी बाई ती काढत नाही. साखळीसकट नाहते, साखळीसकट झोपते, भांडी घासताना फार तर पाठीवर टाकते. मांय मात्र नहाणीत जाण्याआधी साखळी काढून जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, खिळ्याला अडकवायची आणि अंग पूर्ण सुकल्यावर घालायची. मासे साफ करायला बसली की आधी काढायची. एका दुपारी तिच्या केसांना तेल लावून देताना मानेवर ती रेघ दिसली. हिरवट, माझ्या मानेवर उमटते तशीच.

मी केस विंचरत राहिले आणि शक्य तितक्या साध्या आवाजात म्हटलं, "मांय, ही आतां बदलूंक जाय."

तिने पदर मानेवर ओढून घेतला. मग म्हणाली, "कोणाक सांगूं नाका."

हकिगत लहानशीच होती. माझी नणंद, म्हणजे तिची एकुलती मुलगी, तेरेखोलच्या बाजूला दिली आहे. लग्नात सासरच्यांनी तिला साखळी घातली ती मांयची बघून, तोच पीळ, तोच जाडपणा, मुद्दाम तशीच घडवून घेतलेली. पुढे माहेरी जत्रेला आली असताना गर्दीत ती साखळी तिच्या गळ्यातून गेली. तुटून पडली की कुणी ओढली, कळायला मार्ग नाही. पोरगी रडून रडून अर्धी झाली. सासर तिचं वाईट नाही, पण सोन्याच्या बाबतीत कडक, आणि नवी सून बेफिकीर ठरली की तो शिक्का पुढे पुसला जात नाही. मांयने स्वतःची साखळी काढली, मुलीच्या गळ्यात घातली आणि तिला परत धाडलं. मग बुधवारच्या बाजारात एकटी गेली आणि मिळाली ती पॉलिशची घेऊन आली.

"बाबांक?" मी विचारलं.

"तांकां खबर ना. ट्रक गेलो, आतां हें एकच उरलां तांकां." आणि मग, जणू मी काही सुचवलंच होतं अशा सुरात, "तांकां सांगूंक जावचें ना म्हज्यान."

मला त्या वेळी तिची दया आली नाही, तिच्या निवडीचा राग आला. बाजारातून आणलेली ती साखळी अगदी भडक, पीळ सैल, कडीचं टोक बोथट. ती इतके दिवस खपून गेली याचं एकच कारण, पुरुष माणसं दागिना बघत नाहीत, दागिना आहे एवढंच बघतात. बाबांना गळ्यात पिवळं काहीतरी दिसत होतं आणि त्यांचं समाधान होत होतं.

नवी मी आणली. नणंदेच्या लग्नाच्या अल्बममधला मांयचा एक ठसठशीत फोटो मोबाइलमध्ये घेतला आणि सुटीच्या दिवशी म्हापसा पालथा घातला. पीळ जुळला तर जाडी जुळेना, जाडी जुळली तर रंग. शेवटी एका दुकानात मिळाली. आता प्रश्न असा की नवी साखळी नवी दिसता कामा नये. लोक उलटा प्रश्न घेऊन दुकानात जातात. मी ती आधी स्वतःच वापरली, स्कूटरवर, उन्हात, घामात, जवळपास महिनाभर, जोवर तिचा भडकपणा उतरला नाही. मग एका सकाळी मांयच्या खोलीत जाऊन तिच्या गळ्यात घातली. तिने आरशात पाहिलं, हात लावून पाहिला.

"तशीच दिसता," ती म्हणाली. माझ्या नोकरीत कुणी असं कधी म्हणत नाही. मला फार बरं वाटलं, हे कबूल करते.

तेव्हापासून आमचं एक खातं उघडलं. फडकं, खडू, कडीवर बिनरंगी नेलपॉलिशचा एक हात, हे सगळं दार लोटून चालायचं. आम्हा दोघींमध्ये त्याआधी बोलायला विषय नव्हता. सासू-सुनेला एखादं गुपित मिळालं की बरं पडतं, फक्त ते तिसऱ्याचं नसावं. हे थोडं तिसऱ्याचं होतं.

कारण चवथ दरवर्षी यायची.

आमच्या घरात रीत अशी की गणपती आसनावर बसला, वर फळाफुलांची माटोळी बांधून झाली, की घरधनिणीची साखळी देवाच्या गळ्यात घालायची. बाकीच्या घरांत कुठे देवाचा वेगळा दागिना असतो, कुठे काहीच नसतं. आमच्याकडे मांयची साखळी. ती खोलीत जाऊन गळ्यातून काढायची, ताटलीत हळदकुंकवाशेजारी ठेवून आणायची. बाबा ती दोन्ही हातांनी उचलायचे आणि देवाला घालताना मोठ्याने म्हणायचे, "ही ट्रकाची." देवाला उद्देशून की जमलेल्या माणसांना, सांगता येणार नाही. वाड्यावरची माणसं आरतीला आली की त्यांचे डोळेही तिकडे जायचे. ट्रक गेलेल्या घरात ट्रकाचं काहीतरी शिल्लक आहे, हे वर्षातून एकदा सगळ्यांना दिसायचं. बाबांना तेवढंच हवं असायचं.

देवाला खोटी साखळी घालायची हे मांयला पहिल्या वर्षी फार जड गेलं होतं. ती म्हणाली, तिला जेवण गेलं नाही. नंतर तिने मार्ग काढला. मी पाहिलं ते असं: देवाची खोली रिकामी असताना ती समोर उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "यंदाय हीच. तुका खबर आसा." एवढंच बोलून ती नेवऱ्या तळायला गेली. देवाची काही हरकत असल्याचं दिसलं नाही. मला विचाराल तर माणसांपेक्षा देवाची सोय लावणं सोपं असतं.

एक बदल तिने बेमालूम केला होता. विसर्जनाआधी साखळी काढायचं काम पूर्वी बाबांचं. ते ती हातात घेत, निरखत, कधी हातावर तोलत. आता उत्तरपूजा झाली रे झाली की मांय पुढे व्हायची, "हांव काडटां," म्हणायची आणि साखळी पदराखाली जायची. बाबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. काम गेलं की माणूस ते विसरतो.

त्या वर्षी गणपती पाच दिवसांचा. नणंद आणि तिचा नवरा आले होते. त्यांच्या घरचा दीड दिवसाचा, म्हणून ती दोघं मोकळी होती. नणंदेच्या गळ्यात मांयची खरी साखळी होती आणि देवाच्या गळ्यात मी निवडलेली. एकाच खोलीत दोन्ही, आणि जावई मधोमध बसून माटोळीतली फळं ओळखत होता. मला तो प्रकार थोडासा विनोदी वाटत होता, हे खरं आहे. मांयला वाटत नव्हता. ती त्या खोलीत थांबतच नव्हती.

विसर्जन भरतीला करायचं, म्हणजे पाणी पायऱ्यांपर्यंत चढलेलं असतं. त्या संध्याकाळी भरती गाठायची घाई, त्यात पाऊस. उत्तरपूजा उरकली तेव्हा मांय देवाबरोबर द्यायची शिदोरी बांधत रांधपाघरात होती. बाहेर टेम्पो लागलेला, पुरुष हाका मारत होते. कुणीतरी देवावर प्लॅस्टिक पांघरलं. गळ्यात दूर्वांचा आणि फुलांचा एवढा मोठा हार की साखळी त्याखाली दिसतही नव्हती. बाबांना वाटलं, नेहमीप्रमाणे मांयने काढली असेल. मांय हातात शिदोरी घेऊन बाहेर आली तर देव उचललेला. तिला वाटलं, आज आपण नव्हतो तर यांनी काढून ठेवली असणार. आणि मी मागे समया विझवत होते. असं दर घरात एकदा घडत असावं. फक्त सगळ्यांकडे ते नदीवर जात नाही.

आमचं विसर्जन जुन्या धक्क्यावर होतं, जिथे बाबांचा ट्रक माल ओतायचा. आता तिथे बार्ज लागत नाहीत. पायऱ्यांवर शेवाळ आलं आहे आणि तळाशी खाणीचा लाल-काळा गाळ इतका की पाय टाकला तर घोट्याच्या वर रुततो. शेवटची आरती पावसातच झाली. नवरा, बाबा, जावई आणि शेजारची दोघं-तिघं छातीभर पाण्यात उतरली, देवाला बुडवून वर काढलं, पुन्हा बुडवलं, आणि सोडून दिलं.

पाण्यातून बाहेर येताना बाबांनी वर पाहिलं. त्याच वेळी मांयचा हात गळ्याकडे गेला. देव गेल्यावर आपली साखळी आपल्या गळ्यात असते, इतक्या वर्षांची सवय. हात रिकाम्या गळ्यावर थांबला. तिने माझ्याकडे बघितलं. मला कळलं, आणि बाबांनाही कळलं, पण आम्हाला कळलेल्या गोष्टी वेगळ्या होत्या.

"साखळी?" ते म्हणाले.

ते वळले आणि पुन्हा पाण्यात गेले.

बाबांनी सत्तरी ओलांडली आहे. एके काळी पोहणारा माणूस, पण तो एके काळी. त्यांनी बुडी मारली, वर आले, मूठ उघडली, गाळ धुतला, मुठीत काही नाही. पुन्हा बुडी. जावई उतरला, नवरा उतरला, वाड्यावरची जवान पोरं धडाधड पाण्यात शिरली. सोनं म्हटल्यावर कुणी काठावर राहत नाही. ओहोटी लागत होती आणि पाणी हळूहळू बाहेरच्या बाजूला ओढू लागलं होतं. नवऱ्याने बाबांचा दंड धरला, "बाबा, आमी सोदतांव, तुमी वयर सरात," तर त्यांनी तो झटकला. "ट्रकाची ती," एवढंच म्हणाले आणि पुन्हा खाली गेले. वर आले तेव्हा खोकत होते. खोकला थांबायच्या आत पुन्हा गेले.

माझ्या शेजारी नणंद उभी होती. तिने पदर गळ्याभोवती घट्ट लपेटून घेतला होता. पावसाने थंडी वाजत होती असंही म्हणता येईल. तिचा नवरा तिच्या समोर पाण्यात हात घालून गाळ चाचपत होता.

मला भीती वाटली, साधी भीती. म्हातारा माणूस पितळेसाठी बुडणार आणि ते पितळ मी उन्हात धरून धरून निवडलेलं. तोंडापर्यंत शब्द आले होते. पण ते बोलायचा अधिकार माझा नव्हता. मी बोलले असते तर मांयचं सगळं मी उघड्यावर टाकलं असतं. मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला आणि शेवाळावरून एकेक पायरी खाली उतरली, पाणी पायाला लागेपर्यंत.

"ऐकल्यात?" ती म्हणाली. नवऱ्याला ती अशीच हाक मारते.

बाबा नुकते वर आले होते.

"वयर येयात. ती सोन्याची न्हय."

पावसात बहुतेकांना ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा सांगितलं, आणि तिचा इतका मोठा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. "ती सोन्याची न्हय. पॉलिशची. बाजारांतली. वयर येयात."

आता सगळ्यांनी ऐकलं. पोरं जिथल्या तिथे थांबली. काठावरच्या बायका आधी मांयकडे आणि मग एकमेकींकडे बघू लागल्या. प्रत्येकीच्या मनात काय चाललंय ते मला वाचता येत होतं: विकली, गहाण टाकली, घरात चालत नाही म्हणतात ते खरं. मांय ते सगळं अंगावर घेत उभी होती. मुलीकडे तिने एकदाही मान वळवली नाही. वळवली असती तर जावयाने तिच्या नजरेमागून बघितलं असतं.

बाबांनी तोंडावरचं पाणी पुसलं. मी त्यांच्या पुढच्या प्रश्नाची वाट बघत होते, काठावरचे सगळेच बघत होते. खरी खंय? तो प्रश्न त्यांनी विचारला नाही. मांयकडे थोडा वेळ बघितलं, आणि मग रोज पाव किती घेतले विचारावं अशा आवाजात म्हणाले, "आसूं दी. तुजीच न्हय गो ती?"

आणि पुन्हा बुडी मारली.

साखळी मिळाली. बऱ्याच वेळाने, पाणी कमरेपर्यंत उतरल्यावर, हाराच्या दोऱ्यात गुंतलेली. ती बाबांनाच मिळाली की पोरांपैकी कुणी शोधून त्यांच्या हातात दिली, हे मला गर्दीत दिसलं नाही. त्यांनी ती नदीच्या पाण्यात खळबळून धुतली. मी मनातल्या मनात शहारले. पॉलिशला याहून वाईट काही करता येत नाही. वर येऊन त्यांनी ती मांयच्या हातात ठेवली. तिने तिथेच, चिखलाच्या वासासकट, ती गळ्यात घातली आणि आम्ही घरी आलो.

वाड्यावर पुढे काही दिवस चर्चा झाली. मग दुसऱ्या कुणाच्या तरी घरी काहीतरी घडलं आणि आमचा विषय मागे पडला. नणंदेने जाण्याआधी खोलीत साखळी काढून आईच्या हातावर ठेवायचा प्रयत्न केला. मांयने ती तिच्याच मुठीत देऊन मूठ मिटली. खरी कुठे गेली हे बाबांनी आजवर विचारलेलं नाही. त्यांना ठाऊक आहे की नाही, मला सांगता येणार नाही. मुलगी माहेरी आली की तिच्या गळ्यात ती असतेच, आणि बाबांना डोळे आहेत.

गाळाने आपलं काम केलं. महिन्याभरात साखळीचा रंग उतरला, पिळापिळातून तांबं दिसू लागलं, कडी काळी झाली. मी पुन्हा म्हापशाला गेले, उन्हात धरून एक चांगली निवडली आणि मांयला दिली. तिने ती बघितली, पीळ जुळतो असं म्हणाली आणि मला परत दिली.

"ही आसा मगो," ती म्हणाली आणि स्वतःच्या गळ्याला हात लावला.

कारखान्यात असती तर ती साखळी पहिल्या नजरेत लाल पेटीत गेली असती. नवी मी वापरते.

पुढची चवथ आली तेव्हा देवाला काय घालणार याची मला उत्सुकता होती. मांय नेहमीसारखी खोलीत गेली आणि ताटलीत हळदकुंकवाशेजारी तीच काळवंडलेली साखळी ठेवून आली. माणसं जमलेली होती. बाबांनी ती दोन्ही हातांनी उचलली आणि देवाच्या गळ्यात घातली. या खेपेला ते काही म्हणाले नाहीत.

विसर्जनाच्या संध्याकाळी उत्तरपूजा झाल्याबरोबर तेच पुढे झाले. हार बाजूला सारून साखळी काढली, खांद्यावरच्या सुक्या पंच्याच्या टोकाने ती पुसू लागले. ओढून नाही, टिपून. मग मांयकडून साखळीची डबी मागून घेतली, उघडली, आत खडू आहे की नाही ते बघितलं, आणि साखळी आत ठेवून देव उचलायला गेले.